आखाजीचे पाच डाव

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पत्ते खेळलं तर पाप लागत नाही, हे खानदेशातलं शेंबडं पोरही सांगेल. वर्षभर पत्त्याला हात न लावणारे भलेभले त्या दिवशी फतकल मारून बसतात. सुकदेव त्यातलाच. सुरतेत उधन्याच्या लूमवर कापड विणण्यात त्याची उभी जवानी गेली, पण पत्ते पिसले ते फक्त आखाजीला, तेही हसतखेळत.

यंदा मात्र गडी हसत नव्हता. डिंडोलीतली खोली भाईदासकडून विकत घेऊन आखाजीलाच तिथे राहायला जायचं ठरलं होतं, आणि भाईदासने ऐन वेळी भाव वाढवला. आखाजीच्या दुपारपर्यंत पुरते पैसे आण, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, म्हणाला. मालतीबाईला, म्हणजे बायकोला, सुकदेवने यातलं अवाक्षर सांगितलं नाही. सांगणार तरी कुठल्या तोंडाने? साड्यांना टिकल्या लावून, डोळे फोडून तिने ती पुंजी जमवली होती. आखाजीच्या सांजोऱ्या स्वतःच्या घरात तळायच्या, एवढंच तिचं मागणं. तूट आपण गुपचूप भरून काढू, असं या शहाण्याने ठरवलं आणि सकाळीच सगळे पैसे पिशवीत घालून भूपेंद्रकडे गेला.

भूपेंद्रने उधना स्टेशनजवळ नवंकोरं सायबर कॅफे टाकलं होतं. साल नव्व्याण्णव, लोक नुसतं बघायलाही यायचे. त्याचा साळा, म्हणजे मेहुणा, अमेरिकेत होता. त्या साळ्याच्या क्रेडिट कार्डावर इथे खुर्चीत बसून तिकडचा जुगार खेळता यायचा. भूपेंद्र पैसे रोख घ्यायचा आणि जिंकलं तर रोखच द्यायचा.

"सहेलुं छे, एकदम सोपं, सुकदेवभाई," भूपेंद्र म्हणाला. "एकवीसच्या जवळ जायचं, ओलांडलं की मेलात. राजा, राणी, गुलाम दहाचे. एक्का एकचा नाहीतर अकराचा. समोरच्याचा, म्हणजे पत्ते वाटणाऱ्याचा, एक पत्ता उघडा, एक झाकलेला. सतरा होईपर्यंत त्याला पत्ता ओढावाच लागतो. अने एक नहीं, पांच हाथ रमी शको, एकदम पाच हात खेळता येतात."

पहिल्यांदा सुकदेव एकच हात खेळला. कधी आला, कधी गेला. टेलिफोनची लाइन मध्येच अडकायची, पत्ते पडद्यावर अर्धे उमटून थांबायचे, आणि भिंतीवरचं घड्याळ मात्र पळत होतं. अशाने दुपारपर्यंत काय होणार, कप्पाळ?

तेव्हा त्याच्यातला कारागीर जागा झाला. एका लूमवर कोणाचं पोट भरलंय? तो स्वतः आठ लूम सांभाळायचा. एकावर धागा तुटला तरी बाकीची सात कापड ओकत राहतात, म्हणून तर पगार निघतो. मग इथेही तसंच. पाच हात लावू. एकदोन गेले तर गेले, उरलेले भरून काढतील. हा हिशोब त्याला इतका चोख वाटला की त्याने पिशवी भूपेंद्रच्या पुढ्यात रिकामी केली.

अरे बाबा, लूमचे धागे वेगवेगळे तुटतात. इथे पाचही हातांची गाठ एकाच माणसाशी होती.

पत्ते पडले. वीस, एकोणीस, वीस, अठरा, वीस. समोरच्याचा उघडा पत्ता छक्की. भूपेंद्रनेही सुकदेवच्या पाठीवर थाप मारली. सुकदेवला रडूच यायचं बाकी होतं, इतका तो सुखावला. मग झाकलेला पत्ता उलटला. पंजी. अकरा झाले. त्यावर राणी आली.

उधन्यात वीज गेली की सगळे लूम एकदम गप्प होतात, तसे पाचही डाव गेले.

"माझे वीस होते ना?" सुकदेवने हळूच विचारलं.

"त्याचे एकवीस," भूपेंद्र म्हणाला आणि त्याने पाण्याचा ग्लास पुढे केला.

गोडादऱ्याच्या भाड्याच्या खोलीशी सुकदेव पोचला तेव्हा दारात हातगाडी भरून उभी होती. भांडी, गादी, पत्र्याची पेटी, सगळं बांधलेलं. घरमालकाने ठेवलेलं नवं बिऱ्हाड आत चूल मांडत होतं.

"कवयनी वाट देखस मी," मालतीबाई म्हणाली. "चावी दिधी मी मालकले. भाईदासले पैसा दिधा का?"

आता सांगावं, इथेच सांगावं, असं सुकदेवला फार वाटलं. पण ती नवं लुगडं नेसून उभी होती.

"दिधा," तो म्हणाला आणि त्याने गाडी ढकलायला घेतली.

रस्ताभर ती शेजारणींची नावं घेत होती, कोणाकोणाला जेवायला बोलवायचं ते ठरवत होती. सुकदेवला वाटत होतं, गाडीचं चाक निखळावं, नाहीतर आपण इथेच मरून पडावं. दोन्ही झालं नाही. डिंडोली आली.

खोलीच्या बंद दाराला आंब्याच्या पानांचं ताजं तोरण होतं. दुपार कलली होती आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाने मुहूर्त साधला होता. आतून कोणाच्या तरी लेकराचा आवाजही आला, पण मालतीबाईला तो शेजारचा वाटला.

"तोरण बी बांधं त्यानी," ती भरल्या डोळ्यांनी म्हणाली. "भाईदास भला माणूस शे."

आणि तिने चावीसाठी हात पुढे केला.