चार नंबरचं टेबल

कारखान्यात बारा भाषांची माणसं, आणि जेवणाच्या सुट्टीत त्यांची बारा कोंडाळी. साहेबांच्या डोळ्यांना हे खुपायचं. म्हणून तिने तक्ता केला; ऑफिसात कामगारांचं सगळं तीच बघायची. एका टेबलावर एका भाषेचा एकच माणूस. रोज पाळीपाळीने एकाने उठून दोन मिनिटं आपल्या भाषेत बोलायचं, बाकीच्यांनी मध्ये तोंड न घालता ऐकायचं आणि शेवटी टाळ्या वाजवायच्या. कळलं नाही तरी चालेल, मान दिला म्हणजे झालं. कारखाना बघायला मोठे पाहुणे यायचे होते; त्यांना हे आवडलं तर तिची नोकरी कायम होणार होती.

तिचे सासरे तिथेच खोकी बांधायचे. आपली भाषा सोडली तर कारखान्यात चालणाऱ्या भाषेतले त्यांना आकडे तेवढे यायचे. इतकी वर्षं ते आपल्याच भाषेच्या एका शिलाईवाल्याशेजारी बसून जेवत, एकमेकांची उणीदुणी काढत. तक्त्याने दोघांना हॉलच्या दोन टोकांना बसवलं.

"पोरी, घास उतरत नाही गं," ते घरी म्हणाले. "दोन शब्द बोलायला माणूस नको का?"

"बाबा, पाहुणे येऊन जाईपर्यंत कळ काढा. मग हवं तिथे बसवते तुम्हाला."

सासऱ्यांनी कळ काढली. सुनेच्या शब्दाबाहेर जायचा त्यांचा स्वभावच नव्हता.

पाहुणे आले त्या दिवशी ती त्यांच्याबरोबर दाराशी उभी होती. चार नंबरच्या टेबलावर सासरे मध्येच उठले. पाळी त्यांची नव्हती, पण सगळ्यांनी चमचे खाली ठेवले, कुणीतरी मोबाइल धरला. ते हळू आवाजात काहीतरी बोलले. टाळ्या पडल्या. लांबून बघताना तिचा ऊर भरून आला. बाबांनी आपली लाज राखली, असं तिला वाटलं. ते खाली बसले ते टेबलावर डोकं टेकूनच. टाळ्या थांबायला जरा वेळच लागला.

बाबांचे दिवस उरकून दोन आठवड्यांनी ती कामावर परतली. साहेब मनापासून हळहळले आणि कायम नोकरीचं पत्र त्यांनी स्वतः तिच्या हातात दिलं.

"त्यांचा तो व्हिडिओ सगळ्या शाखांना पाठवू, आठवण राहील," ते म्हणाले. "खाली भाषांतर तेवढं तुम्ही टाका."

तिने तो तोवर पाहिला नव्हता. दार लावून तिने तो एकदाच ऐकला. नवऱ्याला हे सांगायची तिची छाती नव्हती, आणि न सांगता त्याच्यासमोर जेवायला बसणंही आता जमणार नव्हतं. मग तिने भाषांतर लिहिलं.

"डावा हात उचलवत नाही. दाराशी माझी सून उभी आहे, तिला कुणीतरी बोलवा."