भूगोलाचे सर

शुक्रवार, २५ ऑगस्ट २००६. सकाळचे दहा वाजून पन्नास मिनिटं. छोटी सुट्टी झाली होती आणि हरिहर आठल्ये सरांनी शिक्षकखोलीत उभं राहून जाहीर केलं की प्लुटो आता ग्रह राहिलेला नाही.

हातात त्या दिवशीचं वर्तमानपत्र होतं. प्रागमध्ये जगभरचे खगोलशास्त्रज्ञ जमले होते आणि आदल्या दिवशी त्यांनी मतदान घेऊन निकाल लावला होता. सरांनी बातमी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचली, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "संपला विषय. आठ."

"अहो सर, गेल्या आठवड्यात बारा होणार होते," सावनी तांबे म्हणाली. ती नवीन होती, विज्ञान शिकवायची. "मी पोरांना बारा लिहून दिले. त्याआधी वर्षभर दहा सांगत होते. आता परत खोडायचं?"

"दहावा सापडला तिथंच बिघडलं सगळं. प्लुटोपेक्षा मोठा गोळा मिळाला. त्याला ग्रह म्हणावं, तर उद्या तसले आणखी पन्नास मिळतील. म्हणू नये, तर प्लुटोला कुठल्या तोंडानं म्हणायचं? मग बसून व्याख्या करणं आलंच."

चहाची किटली घेऊन फिरणारा लवू शिपाई थांबला. "मग नवग्रहांच्या पूजेचा काय व्हनार, सर? भटजी एक सुपारी कमी मांडनार?"

"त्या नवांत प्लुटो नव्हताच, लवू. तिथं राहू-केतू आहेत."

"म्हंजे दक्षिणा तशीच," लवू म्हणाला, आणि खोली हसली.

खिडकीपाशी चित्रकलेचे उन्मेष शिवलकर सर फळ्यावर गणपतीच्या शुभेच्छांची अक्षरं रंगवत होते. त्यांनी ब्रश न उचलताच विचारलं, "पण सर, तो तिथंच फिरतोय ना? परवा फिरत होता तसाच. चार लोकांनी हात वर केले म्हणून त्याचं काय कमी झालं?"

"नुसत्या फिरण्यावर भागत नाही, शिवलकर. तीन अटी आहेत. सूर्याभोवती फिरायला हवा. गोल हवा. आणि आपली वाट त्यानं स्वतः साफ केलेली हवी. हा तिसरीत नापास. इतकी वर्षं चालवून घेतलं म्हणून कुणाचा हक्क होत नाही. नियम म्हणजे नियम."

"तुमचा नियम, पन ताप माजा," लवू म्हणाला. "शिवलकर सर सातवीला मैदानात उभी करतात ना. सूर्य झेंड्याच्या काठीजवळ, बाकीची रांगेत, नि प्लुटो झालेला पोर गेटाच्या भायेर. तो थयसून बोरां खायला जातो. त्याला हाकून आनायचा कोनी?"

पुन्हा हशा झाला. आठल्ये सरही हसले, पण त्यांचं हसू मध्येच थांबलं. सातवीचा भूगोल वेळापत्रकात त्यांच्या नावावर होता.

हे सहा वर्षांपूर्वी सुरू झालं, तेव्हा ते आंब्याच्या हंगामापुरतं होतं. भाट्याच्या पुलापलीकडे, कातळावर, आठल्ये सरांची वडिलार्जित साठ कलमं. उतरणी सुरू झाली की दुपारी बागेत मालक हवाच, नाहीतर निम्मा आंबा कोण कुठं नेईल सांगता येत नाही. मधल्या सुट्टीनंतर त्यांचे सातवीचे तास असत. शिवलकर त्या वेळी मोकळे. "जरा बसता का वर्गावर? गप्प ठेवलंत तरी पुरे," असं सर म्हणाले होते. शिवलकरांनी मुलांना गप्प ठेवलं नाही, भूगोल शिकवला. पुढच्या वर्षी फवारणीसाठी नोव्हेंबरपासून बसावं लागलं, त्याच्या पुढच्या वर्षी पावसाळा संपल्यावर बागेतलं रान काढायची बेणणी होती, आणि मग कारण सांगायचंही राहून गेलं. मे महिन्यात शिवलकरांच्या घरी आंब्याची एक पेटी जायची. ती द्यायला सर स्वतः जात. त्यात त्यांना बरं वाटत असे.

शाळेत हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणूनच कुणी बोलत नव्हतं.

घंटा व्हायच्या आत लवू पुन्हा दारात आला. "आठल्ये सर, शिवलकर सर, मोठ्या बाईंनी बोलावल्यान."

मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका सुर्वे. दोन वर्षांपूर्वी चिपळूणहून बदलून आलेल्या, स्पष्ट बोलणाऱ्या. त्यांनी दोघांना बसायला सांगितलं आणि थेट विषयाला हात घातला.

"शिवलकर सर, पट घसरलाय. अर्धं गाव मुंबईला, पोरं आणायची कुठून? एक पद गेलं. चित्रकलेचं. तुम्ही अतिरिक्त ठरताय. मंडणगडकडच्या एका शाळेत टाकतील असं दिसतं."

"कधी?"

"गणपती झाले की."

शिवलकरांनी मान डोलावली. मंडणगड म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक. घरी बायको नोकरी करणारी, मुलगी सानवी चौथीत, आणि वडिलांना एका डोळ्यानं दिसत नव्हतं. रोज येणं-जाणं होण्यासारखं नव्हतं. तिथं खोली घेऊन एकट्यानं राहायचं, एवढाच त्याचा अर्थ.

"एक वाट आहे," बाई म्हणाल्या. "तुम्ही मुक्त विद्यापीठातून बी.एड. केलंयत. पावसकर बाई निवृत्त झाल्या, त्यांची जागा रिकामी आहे. इतिहास-भूगोलाची. संस्थेचं म्हणणं, घरचाच माणूस असेल आणि त्यानं वर्गावर विषय नियमित शिकवला असेल, तर त्यालाच घेऊ. पण मी त्यांच्यापुढं खोटं बोलणार नाही. तेव्हा मला खरं सांगा. शिकवलायत?"

"तास घेतलेत, बाई."

"कोणाचे?"

शिवलकरांच्या बोटाला पिवळा रंग लागला होता. ते तो अंगठ्यानं खरवडत राहिले. "रिकामे असतील तसे," ते म्हणाले.

त्यांनी नाव घेतलं नाही. आठल्ये सरांना ते ऐकू आलं. न घेतलेलं नाव माणसाला फार स्पष्ट ऐकू येतं.

बाई त्यांच्याकडे वळल्या. "आठल्ये सर, तुम्ही इथले सगळ्यांत जुने. तुम्ही सांगा. तुमच्या शब्दावर मी पुढं जाईन."

बाईंना अजिबात कल्पना नव्हती असं नसेल. पण कल्पना असणं निराळं आणि कुणीतरी तोंडानं सांगणं निराळं. आठल्ये सरांच्या निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. सहा वर्षं ज्या तासांचा पगार घेतला ते तास दुसऱ्यानं घेतले, हे कबूल केल्यावर चौकशी लागली असती. पेन्शन अडकली असती. संस्थेचे अध्यक्ष त्यांचे वर्गमित्र होते, दर दसऱ्याला घरी यायचे. हे सगळं त्यांच्या मनात रांगेनं आलं नाही, एकदम आलं, आणि तोंडातून शिक्षकखोलीतलंच वाक्य निघाल्यासारखं निघालं.

"बदली तास काय, सगळेच घेतात. त्याला विषय शिकवला असं म्हणता येत नाही."

"म्हणजे नाही."

"नियमानं बघितलं तर नाही."

"बरोबर आहे," शिवलकर म्हणाले आणि उठले.

बाहेर व्हरांड्यात दोघं काही पावलं बरोबर चालले. आठल्ये सरांना वाटलं, आता हा बोलेल. बोलला तर बरं होईल. शिवलकर जिन्याशी थांबले आणि म्हणाले, "उद्या संध्याकाळी येतो मखराला. थर्माकोल जरा जास्त आणा. गेल्या वर्षी कमी पडला होता."

आठल्यांच्या घरच्या गणपतीचं मखर दरवर्षी शिवलकरच करत. शनिवारी ते आले. पडवीत बसून त्यांनी थर्माकोल कापला, खांब उभे केले, कमानीवर वेल काढली. आठल्ये सर डिंकाची वाटी हातात धरून उभे होते. "इथं लावा, सर," "जरा वर," "हां, बास," एवढंच बोलणं होत होतं. असा तास गेला असेल.

आठल्यांच्या पत्नी हेमावहिनींनी चहा आणला. "शिवलकर, गावात बोलतायत ते खरं? तुम्हाला मंडणगडला टाकणार?"

"दिसतंय तसं, वहिनी."

"आणि सानवी?"

"ती म्हणते, बाबा, तिकडं समुद्र आहे का? म्हटलं, असेल जवळपास. म्हणाली, मग ठीक आहे." ते हसले. "तिला काय, समुद्र दिला की झालं."

ते गेल्यावर हेमावहिनींनी कपबश्या उचलल्या. मखर चांगलं झालं होतं. वेलीतल्या एका पानाला हात लावून त्या म्हणाल्या, "तुम्ही काही बोलला नाहीत?"

"कुणाजवळ?"

"बाईंजवळ."

"काय बोलायचं? नियमात बसत नाही. मी काय नियम बदलणार?"

"मला नियमातलं कळत नाही," हेमावहिनी म्हणाल्या. "मी आपली बागेत डबा घेऊन येत असे दुपारी. तुम्ही कलमाखाली बसून जेवायचात. तेव्हा शाळेत तुमच्या वर्गावर कोण असायचं?"

आठल्ये सर डिंकाची वाटी घेऊन मोरीकडे गेले. वहिनींनीही थांबून वाट पाहिली नाही. दुसऱ्या दिवशी गणपती आला. पाच दिवस घर मुंबईहून आलेल्या माणसांनी भरलं. मखराचं कौतुक झालं. "कोणी केलंन हो?" असं प्रत्येकानं विचारलं, आणि प्रत्येक वेळी सरांना नाव घ्यावं लागलं.

सोमवारी, ४ सप्टेंबरला, शाळा उघडली. मधल्या सुट्टीनंतर आठल्ये सर खडू-डस्टर घेऊन सातवीवर गेले. मुलं उभी राहिली आणि उभीच राहिली.

"बसा."

कोणी बसेना. दुसऱ्या बाकावरच्या मुलीनं, काशी घवाळीनं, आदबीनं विचारलं, "सर, आज भूगोलाचे सर नाय येनार?"

तिच्या बोलण्यात खोच नव्हती. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

"मीच शिकवणार आहे आज," सर म्हणाले. "सूर्यमाला. किती ग्रह?"

वर्गात गलका झाला. आठ. नऊ. मागून कोणीतरी दहा म्हणालं. सरांनी हात वर करून शांत केलं. "एकेकानं. घवाळी, तू सांग."

"पुस्तकात नऊ हायत, सर. पेपरात आठ. भूगोलाचे सर म्हनाले, परीक्षेत नऊ लिवा नि घरी जाऊन भांडा."

"आणि तुझं काय म्हणणं?"

"नऊ."

"का?"

"मी प्लुटो झालेय दोनदा," काशी म्हणाली. "गेटाच्या भायेरसून सूर्य दिसत नाय नीट. पन फिरायला तर लागतां ना, सर. सगळ्यांत लांबची फेरी माजीच होती. नि आता म्हनायचा, ती धरायचीच नाय?"

मुलं हसली. आठल्ये सर फळ्याकडे वळले आणि सूर्य काढायला गेले. तो गोल येईना. दोनदा पुसला. तिसऱ्यांदा काढलेला तसाच ठेवून ते त्याच्यापुढं एकेक ग्रहाचं नाव लिहीत गेले. नेपच्यूनपाशी आल्यावर खडू थांबला. पुढं लिहायचं की नाही, हे त्यांना ठरवता आलं नाही. तेवढ्यात तास संपला.

त्याच दिवशी शाळा सुटल्यावर ते मोठ्या बाईंकडे गेले. बसले नाहीत.

"बाई, सातवीचा भूगोल सहा वर्षं शिवलकरांनी शिकवलाय. माझ्या नावावर. बदली तास नव्हते ते."

बाईंनी चष्मा काढला. त्यांना धक्का बसलेला दिसला नाही. रागही दिसला नाही. "त्या शुक्रवारी विचारलं होतं मी तुम्हाला."

"हो."

"त्यांच्यासमोर विचारलं होतं."

"हो."

"अतिरिक्तांची यादी गेली, सर. पण अजून फिरवता येईल. संस्थेकडं मी स्वतः जाईन. तुम्ही हे आत्ता बोललात तेवढं मला लिहून द्या. सहीनिशी. तोंडी बोलण्यावर पावसकर बाईंच्या जागी त्यांना कोण घेणार?"

"लिहून," आठल्ये सर म्हणाले.

"त्याचं पुढं काय होईल ते मी तुम्हाला सांगायला नको. तुम्हाला नियम माझ्यापेक्षा चांगले माहीत आहेत."

"देतो," सर म्हणाले. "उद्या देतो."

मंगळवार गेला. बुधवारी विसर्जनाची सुट्टी. गुरुवारी बाई कामानिमित्त बाहेरगावी होत्या, तेवढ्यावर सरांनी आठवडा काढला. पुढच्या आठवड्यात शिवलकरांच्या हातात आदेश पडला. त्यांनी शिक्षकखोलीत सगळ्यांना पेढे वाटले. सावनी म्हणाली, "सर, बदलीचे कोण पेढे वाटतं का?" ते म्हणाले, "नवीन गाव बघायला मिळतंय, तेवढंच." आठल्ये सरांच्या हातावर त्यांनी पेढा ठेवला आणि सांगितलं, "सातवीत घवाळी म्हणून एक आहे. तिला जरा बोलू द्या. बोलली की शिकते."

१८ सप्टेंबरच्या दुपारी मंडणगडची एसटी सुटली तेव्हा आठल्ये सर सातवीवर होते. स्टँडवर शाळेतर्फे लवू गेला होता.

जून २००७ मध्ये शाळा पुन्हा उघडली, तेव्हाची स्थिती अशी आहे. शिवलकर मंडणगड तालुक्यातल्या त्या शाळेत चित्रकला शिकवतात आणि पंधरा दिवसांतून एकदा रविवारी घरी येतात. परत येण्यासाठी त्यांनी केलेला अर्ज विचाराधीन आहे. पावसकर बाईंची जागा अजून तात्पुरतीच भरलेली आहे. भाट्यापलीकडची बाग आठल्ये सरांनी करारानं देऊन टाकली. दुपारचे सगळे तास ते स्वतः घेतात. मार्चमध्ये अंगात ताप होता, तेव्हाही त्यांनी रजा टाकली नाही आणि वर्गावर दुसऱ्या कुणाला बसू दिलं नाही.

सुर्वे बाईंना त्यांनी अद्याप लिहून दिलेलं नाही. बाईंनीही पुन्हा विचारलेलं नाही.