दांडीचं पाचवं घर

स्टिअरिंगमागे नखाएवढ्या रुंदीची एक काचपट्टी होती. तिच्याखाली पाच अक्षरं होती, पण वर्षानुवर्षांच्या उन्हानं त्यांतलं एकही धड वाचता येत नव्हतं. गिअरची दांडी खालीवर केली की एक लाल काटा त्या पुसट डागांवरून सरकायचा, एवढंच. आता तर तोही दिसत नव्हता. वारलेल्या मालकाचा रुमाल त्यावर श्रद्धेनं पांघरला होता.

गाडी जुनी, बोटीसारखी लांब. मालकाशिवाय तिला कुणी हात लावला नव्हता. ते गेल्यावर शेजारचा टॅक्सीवाला ती गॅरेजला न्यायला आला. फाटकाकडे चढ होता. चढाला जोर हवा म्हणून त्यानं दांडी पार खाली ओढली, आणि गाडी पुढे जायची ती मागे गेली. दुसऱ्यांदाही तेच. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं, मालक गाडी सोडत नाहीत. आठवडा उलटायच्या आत निरोपे महाराज हजर झाला. लोक त्याला तसं म्हणत, कारण तो गेलेल्यांचे निरोप आणून देई.

तेव्हापासून दर रविवारी अंगण माणसांनी फुलून जाई.

"वाकून बघा," महाराज सांगे. "पायाशी पेडल किती? दोन. तुमच्या गाड्यांना तीन. अहो, आत्म्याला कशाला लागतोय क्लच?"

लोक वाकून बघत आणि माना डोलवत. कुणी प्रश्न विचारला की गाडीत बसलेला महाराजाचा चेला स्टिअरिंगवर डोकं टेके, मग दोन्ही हात वर करी आणि पाय उचलून सीटवर घेई. गाडी आपणहून पुढे सरकली तर होकार, मागे गेली तर नकार. कोपऱ्यावरचा शिंपी म्हणे, जिवंतपणी या माणसानं एका प्रश्नाला सरळ उत्तर दिलं नाही, आता बघा कसा पटापट बोलतोय.

मालकाची लेक कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. तिला हसू येत नव्हतं. आईच्या छातीत गाठ निघाली तेव्हा ती वाटाण्याएवढी होती. डॉक्टरांनी लगेच काढायला सांगितलं. आई म्हणाली, यांना विचारून सांगते. जन्मभर तिनं सगळं विचारूनच केलं होतं. आणि गाडी दर वेळी मागे जात होती, महाराज मंतरलेलं पाणी देत होता, गाठ अक्रोडाएवढी झाली होती. ऑपरेशन होऊन आई बरी झाली असती तर महाराजाचं हे रविवारचं अंगण गेलं असतं, हे उघड होतं. पण लेक काही बोलायला गेली की आई एवढंच विचारायची, तुझ्या बाबांनी माझं कधी वाईट केलंय का? याला भौतिकशास्त्रात उत्तर नव्हतं.

शेवटी तिनं वाद सोडला आणि किल्ली घेतली. त्या रविवारी पहाटेच तिनं चाकांपासून हातभर अंतरावर विटा मांडल्या, इंजिन चालू केलं आणि दांडी एकेक घर खाली आणत बघत राहिली.

दुपारी आईनं गाडीसमोर उभं राहून विचारलं, "ऑपरेशन करून घेऊ का हो?"

गाडी मागे गेली. आईच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखा भाव आला. लेकीला तोच सगळ्यात जास्त लागला. तिनं चेल्याला उतरवलं आणि रुमाल उचलला.

"आई, आता तू बस."

"ताई, निरोप उलटेल," महाराज म्हणाला.

"तेच बघायचंय."

आई बिचकत स्टिअरिंगमागे बसली. लेकीनं शेजारी बसून तिचा पाय ब्रेकवर ठेवला, तिचा हात दांडीवर नेला आणि दांडी तिसऱ्या घरात आणली. मग पाय उचलायला सांगितला. गाडी हळूच पुढे सरकली. ब्रेक. दांडी पाचव्या घरात. पाय वर. गाडी मागे आली.

लेक वर्गात बोलावी तशी शांतपणे बोलली. अशा बिनक्लचच्या, गिअर आपोआप बदलणाऱ्या गाडीचं इंजिन चालू असलं की ब्रेक सोडताच ती आपणहून सरकते. पहिलं घर उभं राहायचं, दुसरं मोकळं, तिसरं पुढे जायचं, चौथं चढाचं. मागे जायचं घर हल्लीच्या अशा गाड्यांत पहिल्याला लागून असतं, हिच्यात ते सगळ्यात खाली आहे. टॅक्सीवालेकाका तिथंच चुकले. चेला चुकत नव्हता. डोकं टेकताना त्याचा हात दांडीवर असायचा.

"म्हणजे मी रिव्हर्समध्ये चढ चढत होतो," टॅक्सीवाला पुटपुटला. कुणीतरी हसलं. मग सगळे चेल्याकडे बघू लागले, तर तो फाटकाबाहेर पोचला होता. त्याच्यामागोमाग महाराजही, पाण्याची बाटली तिथंच टाकून. अंगण रिकामं व्हायला वेळ लागला नाही.

आई गाडीतच बसून राहिली.

"यांच्या वेळी कधी अशी सरकली नाही."

"बाबांचा पाय कायम ब्रेकवर असायचा, आई."

आईनं रुमालाची घडी घातली, मोडली, परत घातली.

"मग इतके दिवस मी कुणाला विचारत होते?"

"या दांडीला. बाबांशी मनात हवं तेवढं बोल गं. पण गाठीचं विचारायचं ते डॉक्टरांना. त्यांनी ती तपासलीय. गाडीला गाठीतलं काय कळणार? डोळ्यांना जे दिसतं, हातानं जे करून बघता येतं, त्यावर तरी विश्वास ठेवू या."

आईनं दांडी स्वतःच्या हातानं पहिल्या घरात नेली आणि किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं. तिनं शेजारी बघितलं, पण विचारल्यासारखं नाही.

"मी ऑपरेशन करून घेते," ती म्हणाली.