खालच्या कप्प्यातल्या गोळ्या

मित्रांनो, मी एक जुना, कुणावर चटकन विश्वास न ठेवणारा जेवणाचा डबा आहे. आमटी सांडली तर मी कडीवर संशय घेतो, भाकरी परत आली तर भाजीवर. माझा मालक विजयसिंह उचगावचा. कागलच्या एमआयडीसीत तो प्रेस मशीन चालवायचा. त्याची बायको निशिगंधावहिनी मला भरायची आणि तिच्या हाताचं कौतुक कामगारांच्या तोंडून मला रोज ऐकायला मिळायचं.

मग विजयसिंहाची पाठ धरली. डॉक्टरांनी दुखणं थांबवायच्या गोळ्या लिहून दिल्या. पाठ बरी झाली, गोळ्या मात्र थांबल्या नाहीत. माझ्या खालच्या कप्प्यात ठेच्याऐवजी गोळ्यांची पाकिटं येऊ लागली. जेवण तसंच परत यायचं आणि तो मला स्वतः धुवायचा. ज्याने घरात कधी तांब्या उचलला नाही, तो डबा धुतो? मला तेव्हाच शंका आली. पुढे एकदा गोळ्यांच्या गुंगीत त्याचा हात मशीनखाली जाता जाता वाचला आणि साहेबांनी त्याला घरी बसवलं.

घरच्यांनाही शंका आली, पण भलतीच. डोळे जड, जीभ जड, म्हणजे दारू! त्याची आई बाळाबाई त्याला आणि वहिनीला ज्योतिबाच्या डोंगरावर घेऊन गेली. नैवेद्याच्या पुरणपोळ्या माझ्यातच होत्या. खालचा कप्पा तेवढा विजयसिंहाने आपल्या हाताने बसवला.

"गुलाल हातात घे आन सांग, दारूला शिवणार न्हाय."

"न्हाय शिवणार की, आई," तो लगेच म्हणाला. तो दारू पीतच नव्हता.

इतक्या सहज? वहिनीच्या कपाळावर आठी आली. तिने माझी कडी काढली. "खालचा रिकामा हाय," असं तो म्हणेपर्यंत पाकिटं तिच्या हातात होती.

"ह्या कशाच्या?"

"पाठीच्या. डॉक्टरनीच दिल्यात."

"पाठ बरी होऊन वरीस झालं की!"

तो पायरीवर मटकन बसला. "सुटत न्हाईत गं. बंद केल्या की अंग थरथरतंय. मला भ्या वाटतंय."

दुसऱ्या दिवशी तिघं कोल्हापुरात दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एकदम बंद करायच्या नाहीत, हळूहळू कमी करू. हा आजार आहे, शपथेनं जात नाही." आणि त्यांनी औषध लिहून दिलं. गोळ्या सोडवायला पुन्हा औषध! माझा विश्वास बसला नाही, बाळाबाईचाही नाही. विजयसिंह चिडायचा, घामाने भिजायचा, पण तपासणीला जात राहिला.

परवा तो कामावर परतला. मशीन नाही, पॅकिंगचं काम. दुपारी त्याने लॉकरमधून काहीतरी काढून माझ्या खालच्या कप्प्यात टाकलं. तो आवाज मी ओळखतो. झालं, सगळं मुसळ केरात! घरी येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

घरी आल्यावर त्याने मला वहिनीसमोर उघडलं.

"जुनं पाकीट घावलं. टाकायचा धीर झाला न्हाय, खाल्लंबी न्हाय. तू घे."

तिने पाकीट घेतलं. त्याचा हात मात्र सोडला नाही.

मित्रांनो, घरात कुणी डॉक्टरांनीच दिलेली गोळी लपवून खात असेल तर त्याला शपथ घालू नका, दवाखान्यात न्या. आणि तो आपणहून डबा उघडेल तेव्हा ओरडू नका. उद्या माझा खालचा कप्पा वाजला तर मी पुन्हा संशय घेणार, कारण मी पत्र्याचा आहे. तुम्ही माणसं आहात.