खिडकी पाडलेलं अंडं

डहाणूच्या एका कॉलेजात संशोधन करणाऱ्या नयना मॅडम दर सोमवारी गंजाड गावच्या भिकीकडून डझनभर गावठी अंडी घ्यायच्या. पण उबवणीचीच हवीत, हा हट्ट कशाला? भिकीला करणीचा संशय आला. एकदा ती थेट प्रयोगशाळेतच शिरली.

मॅडम रागावल्या नाहीत. कवचाला खिडकी पाडलेलं एक अंडं त्यांनी तिला भिंगाखाली दाखवलं. आत इवलंसं काळीज धडधडत होतं आणि पंखाच्या जागी हिरवं चमकत होतं.

"तिथे आम्ही नवं जनुक सोडलंय. अंग घडताना पेशी एकमेकींना काय निरोप देतात, ते त्यावरून कळतं."

"पिल्लू निघंल ना, बाई?"

"नाही, मावशी."

भिकीने टोपली उचलली. करणीचा संशय फिटला होता, पण पुढच्या सोमवारी ती अंडी घेऊन गेली नाही.