दुपारी तीनचा वारा

मोठ्या शहरातल्या एका कचेरीत बसून ती एका संकेतस्थळासाठी लहान लहान शहरांची पानं तयार करायची. वस्ती किती, शहर वसलं कसं, हवामान काय. एका सोमवारी साहेबांनी तिच्याच शहराचं पान तिच्याकडे दिलं. म्हणाले, तुम्ही तर तिथल्याच, तासाभराचं काम.

पूर्वपीठिका तासाभरात झालीसुद्धा. वीटभट्ट्या होत्या, त्या बंद पडल्या. मग हमरस्ता आला आणि मोठ्या शहरात जागा न परवडणारी माणसं इथे राहायला आली. तीही त्यांतलीच, अकरा वर्षांपूर्वीची. गाडी अडली ती हवामानापाशी. तापमानाचे आकडे समोर होते, पण दुपारी हवा कशी असते, हे काही तिला सांगता येईना. सकाळी पावणेसहाची बस, परत यायला आठ. कामाच्या दिवशी आपल्या शहरातली दुपार तिने कधी पाहिलीच नव्हती, आणि रविवारी दुपारी ती मेल्यासारखी झोपायची.

जेवताना तिने नवऱ्याला विचारलं. तो तिच्याच बसने जायचा. म्हणाला, गरम होत असेल. मग तिने सासूबाईंना विचारलं.

"तीनला वारा सुटतो, पाचला पडतो," त्या म्हणाल्या आणि ताटं उचलून आत गेल्या. दोघींमध्ये एरवीही बोलणं बेताचंच. भांडण नव्हतं, उसंत नव्हती.

गुरुवारी तिच्या अंगात कणकण होती, म्हणून ती घरी राहिली. दुपारी कसल्याशा खडखडीने जाग आली. बाहेर येऊन बघते, तर मागच्या दाराला खुर्ची टेकवून सासूबाई बसलेल्या. मांडीवर शेंगांचं ताट, पाय फरशीवर घट्ट रोवलेले. वाऱ्याचा झोत आला की दार त्यांना खुर्चीसकट पुढे ढकलायचं, आणि त्या पाठीने ते मागे रेटायच्या.

"आई, हे काय?"

"कडी तुटलीय. दार उघडलं की घरभर धूळ होते."

"कधी तुटली?"

त्यांनी जरा आठवून पाहिलं. "मागच्या नाही, त्याच्या मागच्या उन्हाळ्यात."

ती त्यांच्याशेजारी फरशीवर बसली. हळूहळू सगळं कळलं. सासूबाईंनी तेव्हाच मुलाच्या कानावर घातलं होतं. त्याने संध्याकाळी दार हलवून पाहिलं. वारा पडलेला, दार आपलं गुमान जागेवर. रविवारी बघतो म्हणाला, आणि ते राहिलंच. सुताराच्या दुकानापर्यंत जायला त्यांचे गुडघे साथ देत नव्हते. रात्री वारा नसायचा, तेव्हा दाराला नुसती खुर्ची लावली की पुरायची. रविवारीही त्या दाराशी बसायच्या, दार आपटून या दोघांची झोप मोडू नये म्हणून.

"पण पुन्हा सांगायचं ना, आई."

"तुम्ही दोघं घरात शिरता तेव्हा तुमच्या तोंडावर रया नसते. त्यात कडीचं काय सांगायचं, गं?"

उठा, मी बसते, असं ती म्हणाली, तर सासूबाईंनी तिच्या तापाचं कारण पुढे केलं. शेवटी तिने दुसरी खुर्ची ओढली आणि दोघी पाच वाजेपर्यंत दाराला पाठ लावून बसल्या. शेंगा सोलून संपल्या.

शुक्रवारी ताप उतरला होता, तरी ती कामावर गेली नाही. बस थांब्यामागच्या सुताराला घेऊन आली. त्याने दहा मिनिटांत कडी बसवली आणि एवढ्यासाठी रजा टाकली का, असं विचारलं. ती हो म्हणाली.

पानावर तिने लिहिलं: दुपारी तीन ते पाच पश्चिमेकडून जोराचा वारा आणि धूळ, मागची दारं नीट लावून घ्यावीत. साहेबांनी दारांचं खोडलं, बाकीचं ठेवलं.

सोमवारी संध्याकाळी घरी आल्यावर तिने पान झाल्याचं सासूबाईंना सांगितलं. चपला काढायचंही त्राण नव्हतं. तशीच खुर्चीत बसली. थंडीतल्या धुक्याचं लिहिलंस का, असं त्यांनी विचारलं. कसलं धुकं, तिला ठाऊकच नव्हतं.

"तुमची बस गेली की उतरतं. समोरची इमारतसुद्धा दिसत नाही," असं म्हणून सासूबाई तिच्यासमोर बसल्या आणि सविस्तर सांगू लागल्या. तिसऱ्या वाक्यालाच तिला डुलकी लागली. उरलेलं त्यांनी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सांगितलं.