साहेबांना सांगणार कोण?

तैवानच्या शिंचू शहरातल्या एका इलेक्ट्रॉनिक चिप बनवणाऱ्या कंपनीत वेई चुंगरेन साहेब बैठकीला आले की खोलीतली कुजबुज बंद व्हायची.

"काही अडचण?"

"काही नाही साहेब!" सगळे एका सुरात सांगत. साहेब खूश! जुनी मैत्रीण पंग युलान हिच्यासोबत भाड्याच्या गाळ्यात सुरू केलेली कंपनी आता देशोदेशी चिप पुरवत होती.

त्या दिवशी बैठक संपताच युलानने दार लावून घेतलं.

"ट्रकच्या ब्रेकमधल्या आपल्या चिप कडाक्याच्या थंडीत बंद पडतायत. आणि माल विमानतळाकडे निघालाय."

चुंगरेन ताडकन उठला. "कोणाला माहीत होतं?"

"इंजिनिअर बोशुनला. चाचणी त्यानंच घेतली."

"आणि तो मूग गिळून बसला? हाकल त्याला, आत्ताच्या आत्ता!"

"हाकल ना! मग उद्या तुला कोण सांगणार? यातिंगनं चूक दाखवली, तेव्हा 'डोकं घरी ठेवून आलीस का' म्हणून भर बैठकीत तिचा पाणउतारा कोणी केला? ती नोकरी सोडून गेली, बाकीच्यांनी धडा घेतला. चुंगरेन, बोशुनचं तोंड तू शिवलंयस!"

"अगं, माल थांबवला तर गिऱ्हाईक जाईल!"

"आणि घाटात ब्रेक लागला नाही तर?"

चुंगरेनने माल नेणाऱ्या ड्रायव्हरला फोन लावला. उचलेना. मग विमानतळावरच्या गोदामाला लावला.

"गाडी दारातच आहे साहेब."

"थांबवा! एकही खोकं उतरवू नका!"

सगळ्या इंजिनिअरांना आत बोलावलं. बोशुनचा चेहरा पांढराफटक पडला होता. "साहेब, मी दोनदा तुमच्या दारापर्यंत आलो होतो..."

चुंगरेनने मान खाली घातली आणि सर्वांसमोर गिऱ्हाइकाला फोन केला. "दोष आमच्या मालात आहे. तो उशिरा कळला, याला जबाबदार मी."

पलीकडचा संताप सगळ्यांना ऐकू आला. ऑर्डर जागच्या जागी रद्द!

मग मागून एक दबका आवाज आला, "साहेब, दुसऱ्याही एका चिपबद्दल मला शंका आहे."

चुंगरेनची कानशिलं तापली. ओठांवर आलेला शब्द त्याने गिळला आणि खुर्ची पुढे सरकवली.

"बसा. नीट सांगा."

वाचकहो, घरात, शाळेत, कचेरीत आपणही कोणाचे तरी साहेब असतोच. आपल्या धाकाने चुका थांबत नाहीत, फक्त आपल्यापर्यंत पोचायच्या थांबतात!